खेचर आकाशातून कसं जाईल?

प्रश्न : वाचनालयातून एक जुनी, जाडजूड अद्भुतरम्य कादंबरी आणली आहे. राजपुत्र, शापित किल्ला, बोलणारं अरण्य, सगळा मसाला आहे. गोष्ट आवडते आहे, पण पानागणिक आठ-दहा शब्द अडतात : प्रत्यंचा, गव्हर, निबिड, तूणीर, शिरस्त्राण. शब्दकोश उघडला की गोष्ट थांबते आणि नाही उघडला तर चोरी केल्यासारखं वाटतं. दहावीतली मुलगी म्हणते, ‘आई, सोडून दे ना ते शब्द.’ यजमान म्हणतात, ‘प्रत्येक शब्द वहीत लिहून काढ, नाहीतर वाचून उपयोग काय?’ काही शब्द तर शब्दकोशातही सापडत नाहीत. एका ठिकाणी ‘दोन खेचर पर्वतशिखरावरून उडत गेले’ असं छापलं आहे. खेचर कसं उडेल? ही छपाईची चूक समजावी का? आणि चाळिशीनंतर नवे शब्द डोक्यात राहतात तरी का? (नाव छापू नये ही विनंती.)
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : तुमच्या एका पत्रात चार प्रश्न आहेत. शब्द अडला की थांबावं की पुढं जावं, वही करावी की नाही, वय आड येतं का, आणि खेचर उडतं का. सगळ्यात सोपा शेवटचा, म्हणून आधी त्याचा निकाल लावू.

छपाई बरोबर आहे. मराठीत ‘खेचर’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. एक ओझी वाहणारं जनावर. दुसरा संस्कृतातून आलेला. ‘ख’ म्हणजे आकाश, ‘खे’ म्हणजे आकाशात आणि ‘चर’ म्हणजे फिरणारा. जलचर पाण्यात फिरतो, निशाचर रात्री फिरतो, तसा खेचर आकाशात फिरतो. गंधर्व, विद्याधर अशी मंडळी या वर्गातली. हाच ‘ख’ तुम्ही ‘खग’ आणि ‘खगोल’ या शब्दांत शाळेपासून वापरत आला आहात. संत नामदेवांच्या गुरूंचं नाव विसोबा खेचर. ते ऐकून वर्गात खसखस पिकायची, ती या दुसऱ्या खेचराची ओळख नसल्यामुळंच.

पण मला जास्त गंमत वाटली ती वेगळ्या गोष्टीची. उत्तर त्या वाक्यातच होतं. ओझ्याचं खेचर नपुंसकलिंगी आहे : ते खेचर, ती खेचरं. ती उडाली असती तर लेखकानं ‘दोन खेचरं उडत गेली’ असं लिहिलं असतं. त्यानं ‘दोन खेचर उडत गेले’ असं लिहिलं, म्हणजे तो खेचर, ते खेचर. क्रियापदाच्या शेवटच्या एका मात्रेनं जनावराला वाटेला लावलं आणि विद्याधराला आत घेतलं. तुमच्या कानाला काहीतरी खटकलं म्हणून तुम्ही थांबलात, हे वाचकाचं चांगलं लक्षण आहे. अनोळखी शब्द बिचारा दारातच उभा राहून ‘मी अनोळखी आहे’ असं सांगतो. ओळखीचा चेहरा लावून येणारा शब्द सरळ घरात शिरतो. त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

आता मुख्य प्रश्न. थांबावं की पुढं जावं? याचं उत्तर तुमच्या गावातच पुरलेलं आहे, आणि हे मी अलंकारानं म्हणत नाही. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडं निघाला असताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. हा गृहस्थ वीसेक वर्षं दक्षिणेकडून उत्तरेकडं देश मोजत येत होता. तो मोजत कसा होता, तेवढं पाहिलं की शब्दांचं कोडं बरंच सुटतं.

1802 मध्ये मद्रासजवळ त्यानं सुमारे 12 किलोमीटर लांबीची एक सरळ रेषा जमिनीवर साखळीनं मोजली. एवढ्याशा अंतराला जवळजवळ दोन महिने लागले. पण त्यानंतर त्यानं साखळी बाजूला ठेवली. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरची एखादी टेकडी किंवा देवळाचं शिखर दुर्बिणीतून पाहायचं आणि कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की तिसरा बिंदू कागदावर आपोआप जागेवर बसतो. तो बसला की तोच पुढच्या त्रिकोणाचा आधार. असे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडं सरकला. मात्र मधूनमधून, शेकडो मैलांनंतर, तो पुन्हा एखादी रेषा साखळीनं मोजून पाहायचा. हिशोबानं आलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी जुळते ना, याची ती खात्री. प्रत्येक पाऊल साखळीनंच मोजायचं असा हट्ट त्यानं धरला असता, तर तो हिंगणघाटला मरायला तरी पोहोचला असता का, शंकाच आहे.

तुमचा शब्दकोश म्हणजे ती साखळी. वाक्यातले ओळखीचे शब्द म्हणजे माहीत असलेले बिंदू. ‘त्यानं प्रत्यंचा कानापर्यंत ओढली आणि बाण सुटला’ असं वाक्य आलं, तर कान, ओढणं आणि बाण असे तीन बिंदू हातात आहेत. चौथा शब्द धनुष्याची दोरी असणार हे कळायला शब्दकोश कशाला हवा? ‘गव्हरात शिरताच अंगावर गार वारा आला आणि हाक परत ऐकू आली’ म्हटलं की गुहा डोळ्यांपुढं उभी राहते. इथं तुमच्या मुलीचं बरोबर आहे : पुढं जा. फक्त तिनं ‘सोडून दे’ म्हटलं, तिथं मी ‘अंदाज बांध आणि जा’ म्हणेन. अंदाज न बांधता सोडलेला शब्द पुढच्या पानावर पुन्हा परकाच राहतो.

आता एक गैरसमज. संदर्भानं सगळं कळतं, असं मास्तर मंडळी सांगतात. सगळं कळत नाही. ‘निबिड अरण्य’ घ्या. अरण्य भयंकर असू शकतं, अंधारं असू शकतं, घनदाट असू शकतं. तुम्ही ‘भयंकर’ धरलंत तर लेखक तुम्हाला अडवणार नाही. पन्नास पानं गोष्ट सुखेनैव चालेल, निबिड रात्र येईल, निबिड अंधार येईल आणि तुमचा ‘भयंकर’ प्रत्येक ठिकाणी चपखल बसेल. मग राजकन्या येईल आणि तिचा ‘निबिड केशसंभार’ येईल. राजकन्येचे केस भयंकर कसे असतील? तिथं तुमचा आधीचा त्रिकोण मोडतो आणि नवा बसतो : निबिड म्हणजे दाट, गच्च. म्हणून एका वाक्यावरून बांधलेला अंदाज कच्चा धरावा, दोन-तीन ठिकाणी टिकला की पक्का. आणि तोच शब्द वारंवार येऊन काही केल्या जागेवर बसत नसेल, तर मात्र खुशाल साखळी काढावी.

साखळी कधी काढायची, याचा माझा एक घरगुती नियम आहे. शब्द तिसऱ्यांदा आडवा आला की शब्दकोश. गोष्ट त्या शब्दावाचून पुढं सरकतच नसेल तर लगेच. एरवी प्रकरण संपल्यावर. राजपुत्र कड्याला लोंबकळत असताना उठून कपाटाकडं जाणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

शब्दकोशात शब्द सापडत नाहीत, ही तुमची तक्रार मी बरीच ऐकतो. त्यातले निम्मे शब्द तिथं असतात, पण आपण चुकीच्या दारावर थाप मारतो. मराठी शब्द विभक्ती लागली की रूप बदलतो. ‘भात्यातून बाण काढला’ यातलं ‘भात्या’ शब्दकोशात नाही, ‘भाता’ आहे. तिथं गेल्यावर कळतं की भाता बाणांचाही असतो आणि लोहाराचाही. तुमचा ‘तूणीर’ म्हणजे हाच बाणांचा भाता. दुसरी अडचण स्पेलिंगची. ‘गव्हर’ मिळालं नाही तर ‘गह्वर’ पाहा. आव्हान-आह्वान, जिव्हा-जिह्वा यांच्यासारखीच ही ह आणि व यांची अदलाबदल आहे. तिसरी गोष्ट, संस्कृत शब्द जोडलेले असतील तर आधी फोडून पाहा. शिरस्त्राण म्हणजे शिर अधिक त्राण. त्राण म्हणजे रक्षण, आणि ते पादत्राणात तुमच्या दाराबाहेर रोज पडलेलं असतं. पायाचं रक्षण करते ती चप्पल, डोक्याचं रक्षण करतं ते शिरस्त्राण. एक तुकडा ओळखीचा निघाला की दुसरा फार वेळ तोंड लपवू शकत नाही.

शब्दकोश कोणता? जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला आणि 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात सुमारे साठ हजार शब्द होते. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 ते 1938 या काळात सात खंडांत आला. जुन्या कादंबरीला हे दोन्ही उत्तम, कारण ज्या काळची ती भाषा, त्या काळाच्या जवळचे हे कोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मोबाईलवर पाहिले तर कपाटापर्यंत जायचेही कष्ट नाहीत. मात्र मोबाईल हातात आला की पुस्तकाकडं परत यायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आणखी एक शब्दकोश तुमच्या घरातच असण्याचा संभव आहे. जुन्या कादंबऱ्यांत ‘टेंभा’ हमखास येतो. आजच्या मुलांना टेंभा फक्त मिरवायचा असतो हे ठाऊक. वर्ध्याकडच्या खेड्यातल्या एका आजीबाईंना मी एकदा विचारलं, तर त्या हसल्या : ‘चिंध्या गुंडाळाच्या, तेलात बुडवाच्या अन् पेटवाच्या. झाला टेंभा.’ कोशातल्या व्याख्येपेक्षा हे चांगलं. शेती, स्वयंपाक, जनावरं, अंधार आणि उजेड यांच्याबद्दलचा शब्द अडला तर आधी घरातल्या थोरांना विचारा. पुस्तकात मेलेला वाटणारा शब्द बोलीत ठणठणीत असतो.

कोशात न सापडणारे उरलेले निम्मे शब्द खरोखरच तिथं नसतात, कारण ते लेखकानं घडवलेले असतात. अद्भुत कादंबरीचा हा स्वभावच आहे. जे जगात नाही त्याला नाव द्यायचं तर नवं द्यावं लागतं, नाहीतर जुन्या शब्दाला नव्या कामाला जुंपावं लागतं. घडवलेल्या शब्दासाठी शब्दकोश शोधणं म्हणजे नव्यानं जन्मलेल्या बाळाचं रेशनकार्ड मागणं. त्याचा अर्थ लेखकालाच सांगावा लागतो आणि बरा लेखक तो सांगतो, फक्त लगेच सांगत नाही. चाळिशीतल्या वाचकांना दूरदर्शनवरची ‘चंद्रकांता’ मालिका आठवत असेल. ती ज्या कादंबरीवरून घेतली, ती देवकीनंदन खत्रींची हिंदी ‘चंद्रकांता’ 1888 ची. ती वाचता यावी म्हणून अनेकांनी नागरी लिपी शिकून घेतली असं सांगतात. तिच्यात ऐयार आहेत, तिलिस्म आहे आणि बेशुद्धाला शुद्धीवर आणणारा लखलखा आहे. ऐयार म्हणजे काय, हे मालिका पाहताना कुणी कोशात शोधलं नव्हतं. चार भागांत तो वेषांतर करताना दिसला की कळलं. जाता जाता सांगतो, तिलिस्म मूळ ग्रीक, तिथून अरबीत गेला, तिथून आपल्याकडं आला, आणि इंग्रजांच्या घरी जाऊन ‘टॅलिस्मन’ झाला. जादूचे शब्द प्रवासाला फार पटाईत.

भाषांतरकारांची वाट वेगळी. ते बहुधा जुन्या शब्दाला नवं काम देतात. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्याकडं आधीपासून होताच, मग नवा कशाला घडवायचा? टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं मराठी रूप मुग्धा कर्णिकांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं केलं. ‘अंगठी’ म्हटलं असतं तर डोळ्यांपुढं सराफाचं दुकान आलं असतं. ‘मुद्रिका’ म्हणताच रामानं हनुमानाजवळ दिलेली खूण आठवते आणि अंगठीला वजन येतं. म्हणजे अवघड शब्द मिरवण्यासाठीच येतो असं नाही. कधी कधी सोपा शब्द तिथं उभाच राहू शकत नाही. खुद्द टोल्किननं तरुणपणी, 1919-20 च्या सुमारास, ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात नोकरी केली होती आणि डब्ल्यू अक्षराच्या काही शब्दांच्या व्युत्पत्ती तपासल्या होत्या. अशा माणसाच्या कादंबरीत शब्द अडले तर वाचकानं मनाला लावून घेऊ नये.

तुम्हाला पानागणिक आठ-दहा शब्द अडतात. हे जास्त की कमी? इंग्रजी वाचणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसतं की मजकुरातले शंभरात अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील तर कोणाच्या मदतीशिवाय वाचन सुखानं चालतं. तीनशे शब्दांचं पान धरलं तर सहा शब्द अनोळखी चालतील. मराठीला हा आकडा जसाच्या तसा लावू नये, पण अदमास येतो. तुम्ही काठावर आहात, बुडालेल्या नाहीत. शिवाय पहिली पन्नास पानं सगळ्यात जड असतात, कारण लेखक तिथं आपलं जग मांडत असतो आणि सगळं सामान एकदम आणून टाकतो. नंतर तेच सामान फिरून फिरून वापरतो. शंभराव्या पानावर पुन्हा मोजून पाहा, आकडा खाली आलेला दिसेल. आला नाही, तर पुस्तक वर्षभरानं पुन्हा घ्या. त्यात लाज नाही.

आता यजमानांची वही. त्यांचा हेतू चांगला आहे, पण प्रत्येक शब्द लिहायचा म्हटलं तर तीनशे पानांत अडीच-तीन हजार नोंदी होतील आणि कादंबरीची खतावणी होईल. शब्द लक्षात राहतो तो लिहिल्यानं कमी, पुन्हा पुन्हा भेटल्यानं जास्त. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर झालेल्या एका अभ्यासात असं निघालं की सहज वाचताना शब्द एकदा भेटला तर तो शिकला जाण्याची शक्यता विसात एक. म्हणजे पहिल्या भेटीत ‘निबिड’ विसरलात तर वयाला दोष देऊ नका. शाळेतली मुलंही विसरतात.

पण भेटी वाढल्या की काय होतं, त्याचा एक नामी प्रयोग आहे. अँथनी बर्जेसच्या 1962 च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीत रशियन शब्दांवरून रचलेली दोनशेहून जास्त शब्दांची एक बोली आहे. 1978 मध्ये तीन संशोधकांनी ही कादंबरी, शब्दार्थांची यादी न देता, रशियन न येणाऱ्या मोठ्या माणसांना वाचायला दिली. शब्दांची परीक्षा होणार आहे याचा पत्ता लागू दिला नाही. काही दिवसांनी नव्वद शब्द विचारले. सरासरीनं चारांतले तीन बरोबर आले. कोणी वही केली नव्हती, कोश उघडला नव्हता. लेखकच तेच शब्द पुन्हा पुन्हा आणत होता, एवढंच. आणि ही सगळी मोठी माणसं होती, हे तुमच्या वयाच्या प्रश्नाचं उत्तर. नावं आणि फोन नंबर वयाबरोबर निसटतात हे खरं, पण शब्दसंग्रह साठीपर्यंत आणि त्यापुढंही वाढत राहतो. उलट चाळिशीतल्या माणसाला एक फायदा असतो. त्याच्याकडं ओळखीचे बिंदू जास्त असतात, म्हणून त्रिकोण लवकर बसतात. तुमच्या मुलीला ‘शिरस्त्राण’ फोडायला आधी पादत्राण आठवावं लागेल. ती ‘चप्पल’च म्हणत असेल.

तरी यजमानांचा मान राखायचा असेल तर वही ठेवा, पण दिवसाला दोनच शब्द. मनाला आवडलेले, निरुपयोगी असले तरी चालेल. अर्थ लिहू नका, तो शब्द आलेलं वाक्य लिहा आणि पान क्रमांक टाका. आठवड्यानं शब्दावर बोट ठेवून अर्थ स्वतःलाच विचारा, मगच वाक्य वाचा. आठवण्याचा हा छोटासा प्रयत्नच शब्द पक्का करतो. नुसतं पुन्हा वाचलं की कळल्यासारखं वाटतं, आठवत मात्र नाही.

आणि हो, तुमचे ते दोन खेचर पर्वतशिखरावरून उडत नेमके कुठं निघाले होते, हे पत्रात राहून गेलं आहे. पुढच्या वेळी तेवढं कळवा.